तीन शाळा आणि एक पट

जिल्हा परिषदेच्या शाळा म्हटलं की लोक 'सगळ्या सारख्याच' म्हणून मोकळे होतात. अजिबात नाही हो! वाई तालुक्यातल्या आमच्या गावाच्या चार किलोमीटरच्या आत अशा तीन शाळा आहेत, आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी. यंदा भाची पहिलीत जाणार, म्हणून मी आणि वहिनी तिन्ही बघून आलो.

पहिली वस्तीवरची. मुलं 21, इयत्ता चार, शिक्षक दोन. एक गुरुजी मीटिंगला गेले की उरलेल्यांनी चारी वर्ग सांभाळायचे. पण तिथे चौथीतली पोर पहिलीतल्याला वाचायला शिकवत होती, तेही कुणी न सांगता.

दुसरी मोठ्या गावातली. रंगवलेले वर्ग, मोठा टीव्ही, प्रत्येक इयत्तेला वेगळे शिक्षक, शिवाय सेमी इंग्रजी. वहिनीला हीच आवडली. पण रोज रिक्षा, आणि मध्ये हायवे.

तिसरी आमच्या गावातली. भिंतींचा रंग उडालाय, पण मुलींची मुतारी स्वच्छ आणि नळाला पाणी. (मी कुठल्याही शाळेत आधी हेच बघते.) पहिलीच्या बाईंनी फरशीवर अक्षरं रंगवलीत, आमच्याच साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या शाळा ज्यासाठी नावाजल्या, तसली पद्धत. मुलं खाली बसून खडे मांडत बेरजा करत होती. बाई कुठे आहेत ते शोधावं लागलं, कारण त्याही खालीच बसल्या होत्या!

मग हेडसरांनी पट सांगितला. 60. शिक्षक सध्या तीन. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि 61 पासून 90 पर्यंत तीन. म्हणजे एका मुलाने एक शिक्षक जातो. सर म्हणाले, गेल्या तर याच बाई जातील, सगळ्यांत नव्या त्याच.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "ताई, शाळा वाचवायचा मक्ता काय आपल्या पोरीनेच घेतलाय?"

प्रश्न रास्त होता. सहा वर्षांच्या पोरीवर गावाचं ओझं कशाला? पण मला दुसरंच दिसत होतं. मोठ्या गावातल्या शाळेत इयत्तेगणिक शिक्षक आहेत, कारण आसपासच्या गावांतली मुलं तिथल्या पटावर आहेत. आपण चांगली शाळा निवडतो म्हणतो खरं, पण आपण निवडतो म्हणूनही ती चांगली होत जाते. आणि सोडतो ती दुबळी होते. मग पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी येऊन म्हणतं, बघा, इथे दोनच शिक्षक!

वहिनीने दोन दिवस घेतले. शेवटी तिने नाव गावातच घातलं. शाळेसाठी नाही म्हणाली, बाईंसाठी. चालेल की! पट 61 झाला. आता सप्टेंबरअखेरपर्यंत कुणी दाखला काढू नये, एवढंच.