पंक्तिप्रपंच

एकाच पंक्तीस बसलेल्यांपैकीं एकास तूप व दुसऱ्यास कोरडें वाढणें, ह्यास आपण पंक्तिप्रपंच म्हणतों आणि निंद्य मानितों. सातासमुद्रांपलीकडील कांहीं विद्यार्थ्यांची ह्याच बाबतींत कसोटी लागली.

१९५१ सालीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल-संघानें नऊ सामने खेळून नऊही जिंकले. हंगामाअखेर निवडक संघांस ‘बाऊल’ नामक मानाच्या सामन्यांचें निमंत्रण मिळे. त्यांतील बरेच सामने दक्षिणेकडील राज्यांत होत, आणि तेथें वर्णभेदाचा अंमल होता. ह्या संघांत ऑली मॅटसन व बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय. त्यांस मागें ठेवून यावें, असें सुचविण्यांत आल्याचें खेळाडूंनीं पुढें सांगितलें. संघानें साफ नकार दिला.

ह्या नकाराची किंमत लहान नव्हती. विद्यापीठास द्रव्याची चणचण होती. हंगाम संपल्यावर त्यानें फुटबॉलच बंद केला.

मॅटसननें १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकांत धावण्याचीं दोन पदकें मिळविलीं. टोलर १९६५ मध्यें तेथील राष्ट्रीय फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला.

पंक्तींत भेद करूं नये, हें आपणांस ठाऊक असतें. परंतु पंक्तीबाहेर कोणास ठेविलें, हें पाहून भरल्या ताटावरून उठणारे विरळा!