पापणीवरची गाठ

माझी भाची जन्मली तेव्हा तिची पापणी अगदी स्वच्छ होती. तीन आठवड्यांनी तिथे टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका उमटला आणि दोन महिन्यांत त्याची बोराएवढी गाठ झाली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका ताईला एकच विचारीत, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" दोष शोधायचा तो आईच्याच पदरात, ही आपली जुनी खोड!

डॉक्टरांनी मात्र आजीदेखत सांगितले, की ही रक्तवाहिन्यांची गाठ, हिमॅन्जिओमा. आईच्या करण्या-न करण्याने ती होत नाही. त्या एका वाक्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. अशा बहुतेक गाठी काही वर्षांत आपोआप विरतात. पण ही डोळा झाकीत होती, आणि या वयात झाकलेला डोळा नीट पाहायला शिकत नाही. त्यांनी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिले. हे तर आजोबांच्या डबीतले रक्तदाबाचे औषध! "आधी दूध, मग औषध," अशी सक्त ताकीद. उपाशीपोटी रक्तातली साखर उतरते म्हणून.

कुतूहलाने मी वाचू लागलो. फ्रान्समधील बोर्दोच्या बालरुग्णालयात एका बाळाच्या नाकावर अशीच गाठ होती. स्टेरॉइड चालू असताना त्याच्या हृदयाचा स्नायू जाडावला, म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिले. दुसऱ्याच दिवशी गाठीचा भडक लाल रंग जांभळट झाला, ती मऊ पडली. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अशा ११ मुलांची हकीकत छापली. औषध हृदयाचे, पण कुणीतरी नाकाकडेही पाहिले!

पण ११ मुले म्हणजे पुरावा नव्हे. पुढे ४६० तान्ह्या बाळांवर चाचणी झाली. निकाल २०१५ साली आला. दृष्टीला धोका असलेली बाळे तीत घेतली नव्हती, हे बरे. पूर्ण मात्रा सहा महिने घेतलेल्या १०१ पैकी ६१ बाळांच्या गाठी जवळजवळ नाहीशा झाल्या. ५५ बाळांच्या बाटलीत औषधच नव्हते. त्यांतल्या दोघांच्याच गेल्या. कोणती बाटली कशाची, हे आईबापांना ठाऊक नव्हते. लेकराच्या अंगावरची गाठ डोळ्यांदेखत फुगत असताना त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. ताई म्हणते, तिच्याने ती झाली नसती. मला तिचे पटते. आणि त्या ५५ घरांची नावे कुठे छापलेली नाहीत, याची चुटपुटही लागते.