कोळशाची राख

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण करणाराच्या डोळ्यांपुढें चुलींतला कोळसा असावा. भूगर्भांतल्या दगडी कोळशाचा इतिहास जो उगाळूं लागेल, त्यास काळ्याखेरीज दुसरेंही पुष्कळ दिसेल.

चंद्रपूर, बल्लारपूर, वणी हा प्रदेश वर्धा नदीच्या खोऱ्यांत मोडतो. सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वीं, आपली भूमि गोंडवन नामक महाखंडाचा भाग असतां, येथें हिमनद्या होत्या. त्यांनीं आणलेले गोटे तालचेर नांवाच्या थरांत आजही सांपडतात. पुढें हवा उबदार झाली, अरण्यें माजलीं. भूकवच लांबट पट्ट्यांत भंगून सावकाश खचत गेलें आणि त्या खोलगट भागांत नद्यांनीं वाळू, चिखल व मेलेल्या वनस्पति यांचे थरांवर थर रचले. वनस्पतींचे थर भाराखालीं दबून व तापून त्यांचाच कोळसा झाला. बराकर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकांत त्याचा थर कांहीं ठिकाणीं १५ मीटरांहूनही जाड आहे. वरोऱ्याची खाण १८७१ सालीं सुरू होऊन १९०६ सालीं बंद पडली. खोऱ्यांतलें खाणकाम मात्र आजही चालूं आहे.

आतां राखेविषयीं. ज्या प्रवाहांनीं पानें व लांकडें वाहून आणलीं, त्यांनींच गाळही आणला. तो वनस्पतींत इतका एकजीव झाला कीं, कोळसा धुऊनही सहजासहजीं निघत नाहीं. आपल्या वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोळशांत शेकडा ३० ते ४५ भाग राखच असते, तिचें मूळ हें असें पुरातन आहे.

आमची धाकटी कन्या त्या खोऱ्यांत दिली आहे. तुळशीस पाणी घालण्यापूर्वीं ती रोज ओल्या फडक्यानें तिचीं पानें पुसते. जांवईबापू म्हणतात, “मामा, कोळसा आहे म्हणून इकडच्या पोरांच्या हातांस काम आहे.” तेंही खोटें नाहीं. आम्ही राहतों कल्याणास. जवळच पडघ्यापर्यंत चंद्रपुराहून साडेसातशे किलोमीटर लांबीची विद्युद्वाहिनी येते. उजेड इकडे येतो. राख तिकडेच राहते.

घरांतील मुलांना आम्ही एवढेंच सांगतों कीं, रिकाम्या खोलींतला दिवा मालवा. तेवढ्यानें आत्याची तुळस स्वच्छ राहील असें मानण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. परंतु ज्याची राख दुसऱ्याच्या अंगणांत पडते, तो उजेड उधळूं नये, हें कळावयास भूगर्भशास्त्र लागत नाहीं.