आंबा घाटाची चढण आणि फटफटीचा ताप

वाचकहो, कोल्हापुरातून पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडला की रत्नागिरीचा रस्ता सुरू होतो. दोन्ही बाजूंना ऊस, अधूनमधून गुऱ्हाळाचा धूर, उजव्या अंगाला जोतिबाचा डोंगर आणि त्याच्यामागे पन्हाळा. पुढे बांबवडे, मलकापूर करीत कडवी नदीच्या खोऱ्यातून भात-नाचणीचा मुलूख लागतो आणि निम्म्या वाटेवर आंबा गाव येते. तेथून रस्ता सह्याद्रीचा कडा उतरून साखरप्यात, म्हणजे कोकणात, पाय टाकतो. सारा प्रवास सुमारे १३० किलोमीटरचा. राष्ट्रीय महामार्ग १६६ म्हणून त्याची सरकारदरबारी नोंद आहे.

या रस्त्याने आज आपण मोटारसायकलवरून जाणार आहोत. रस्ता पाहायचाच, पण त्याबरोबर गाडीची एक परीक्षाही घ्यायची. मूळचा सायलेन्सर काढून बाजारातला दुसरा बसवला की गाडी जास्त तापते, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. हा ताप खरा की मनाचा, तो कोठून येतो आणि त्यावर उपाय काय, याचे उत्तर हा घाट चोख देतो. सपाट रस्त्यावर लपलेला दोष उतारावर बोलू लागतो आणि चढावर ओरडतो.

सायलेन्सर बदलतात कशाला?

तरुण पोरांना आवाज हवा असतो, हे कारण सर्वांना ठाऊक आहे. १९५५ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, बुलेट तयार होऊ लागली तेव्हापासून तिच्या ठोक्याचे वेड लोकांना आहे. बाजारात 'पंजाबी', 'इंदोरी' अशा नावांनी सायलेन्सर मिळतात. पण दुसरेही कारण आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगाकाठच्या किती गाड्या पाण्यात राहिल्या ते तुम्हाला सांगायला नको. सायलेन्सरमध्ये पाणी राहिले की तो आतून गंजतो आणि वर्षा-दोन वर्षांत त्याला भोक पडते. मूळचा महाग, बाजारातला स्वस्त. मग गरीब माणूस स्वस्ताकडे वळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र जे बसवले त्याचा गुण-अवगुण त्याला कळला पाहिजे.

मूळच्या सायलेन्सरच्या पोटात कप्पे आणि भोकांच्या चकत्या असतात. इंजिनातून सुटलेला पाच-सहाशे अंशांचा धूर त्यातून वळणे घेत, दमत बाहेर येतो. त्या अडथळ्याचा हिशेब धरूनच कारखान्याने इंजिनाला किती हवा आणि किती पेट्रोल द्यायचे ते ठरवलेले असते. नव्या मोकळ्या नळीत अडथळा कमी. धूर भरकन निघून जातो, हवा जास्त आत येते, पण पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच. मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण सावकाश जळते; व्हॉल्व्ह उघडला तरी जाळ पुरता विझलेला नसतो आणि तोच जाळ नळीत शिरतो. चुलीत लाकूड नीट जळाले तर भाकरी भाजते. जाळ धुराड्यात गेला तर धुराडे तापते आणि भाकरी कच्ची राहते. येथे तसेच होते.

यात आणखी एक गोष्ट आपल्या उसाने घातली आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले मिळते आणि त्यातले बरेचसे साखर कारखान्यांतून येते. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो, वजनाने सुमारे ३५ टक्के. त्यामुळे जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत मिश्रण आधीच थोडे पातळ झालेले असते. त्यावर मोकळा सायलेन्सर म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

उतारावर फटफट

आता आंबा गाव मागे टाकून घाट उतरू लागा. दाट झाडी, पावसाळ्यात धुके आणि प्रत्येक वळणावर खाली कोकण. उतारावर तुम्ही अॅक्सिलरेटर सोडता, गाडी गिअरमध्येच हळूहळू उतरते. अशा वेळी सायलेन्सरमधून 'फट्, फट्' असे बार येऊ लागले तर पोरे खूश होतात. पण तो आनंदाचा आवाज नव्हे. मिश्रण पातळ असल्याने ते इंजिनात पेटत नाही, तसेच तापलेल्या नळीत जाते आणि तेथे पेट घेते.

बऱ्याचदा यामागे बेंड पाईप आणि इंजिन यांच्यामधले पॅकिंग असते. सायलेन्सर बदलताना जुनेच चेपलेले पॅकिंग पुन्हा बसवले की सांधा पुरता बसत नाही. अॅक्सिलरेटर सोडला की त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नळीत जाळ होतो. सकाळी गार इंजिन असताना सांध्याजवळ पाहा. काजळीचा काळा पट्टा दिसला किंवा गाडी सुरू करताच फुसफुस ऐकू आली, तर नवे पॅकिंग घाला. थोड्या पैशांचे हे काम आधी करावे. पुष्कळ गाड्यांचा अर्धा ताप येथेच उतरतो.

चढावर खरी परीक्षा

साखरप्याला चहा घ्या आणि परत घाट चढा. मागे माणूस, कडेला पिशव्या, समोर उसाचा किंवा चिऱ्याचा ट्रक. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. आपल्या बहुतेक गाड्यांचे इंजिन वाऱ्याने गार होते. वेग गेला की वारा गेला. काम जास्त, वारा कमी आणि मिश्रण पातळ, अशी तिन्ही संकटे येथे एकत्र येतात. मांडीला आणि पोटरीला झळ लागते, इंजिनातून खटखट येते, ओढ कमी होते.

अशा वेळी रुंद, सुरक्षित जागा पाहून सावलीत थांबा आणि इंजिन बंद करा. उभ्या जागी इंजिन चालू ठेवले तर ते अधिकच शिजते. तापलेल्या इंजिनावर झऱ्याचे गार पाणी ओतण्याचा मोह मात्र टाळा. तापलेला धातू एकाएकी आकसला की तडकतो.

गाडी गार झाल्यावर बेंड पाईपचा रंग पाहा. विळ्याला पाणी देताना लोहार धातूचा रंग पाहतो, तेच शास्त्र येथे लागू आहे. साध्या पोलादावर पिवळसर छटा दोनशे अंशांच्या पुढे येते, निळी तीनशेच्या आसपास. इंजिनाजवळ थोडी निळाई सर्वच गाड्यांना येते. पण निळा पट्टा लांबवर पसरला किंवा रात्री नळी लाल दिसली, तर काहीतरी बिघडले आहे हे नक्की.

त्यानंतर प्लग काढून पाहा. टोकाचा रंग बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आणि ताप जास्त. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त.

उपाय कोणता, कोणत्या गाडीला?

कार्बुरेटरची गाडी असेल तर चांगल्या मेस्त्रीकडून मुख्य जेट एक नंबर मोठा घालून घ्यावा, गाडी चालवून पुन्हा प्लग पाहावा आणि लागला तरच आणखी एक नंबर चढावे. एकदम मोठा जेट घातला तर जादा पेट्रोल सिलिंडरवरचे तेल धुऊन नेते, इंजिन झिजते आणि पेट्रोलचा खर्च वाढतो तो वेगळाच. एअर फिल्टर काढून टाकू नका. हवा आणखी वाढून मिश्रण आणखी पातळ होते आणि धूळ आत जाते. जुन्या पॉइंटच्या बुलेटला ठिणगी उशिरा पडत असली तरी नळी लाल होते. म्हणून टायमिंगही तपासावे.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांची गोष्ट निराळी. तेथे जेट नाही. नळीत बसवलेला सेन्सर पाहून गाडीचा संगणक पेट्रोल ठरवतो. मोकळ्या नळीचा फरक तो थोडाफार सावरतो. पण पूर्ण अॅक्सिलरेटरवर, म्हणजे नेमक्या चढावर, तो बहुतांशी कारखान्याने भरून दिलेल्या हिशेबानेच चालतो. शिवाय या गाड्यांच्या नळीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो कापून टाकला की धुराची तपासणी नापास होण्याची वेळ येते. अशा गाडीला सर्वांत स्वस्त उपाय एकच: मूळचा सायलेन्सर परत बसवणे.

पुष्कळदा इंजिन फारसे जास्त तापलेलेच नसते, पण झळ मात्र लागते. मूळच्या नळीवर बहुधा दुहेरी पत्रा किंवा जाळी असते; स्वस्त नळी एकेरी पत्र्याची आणि उघडी. तेव्हा मूळची जाळी नव्या नळीवर बसवून घ्या आणि नळी पायापासून दूर राहील असा क्लॅम्प करून घ्या. नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे. तिने झळ कमी होते खरी, पण पावसात ती पाणी धरते आणि आतून पत्रा गंजतो. मिश्रण तसेच पातळ ठेवून पट्टी बांधणे म्हणजे तापाच्या रोग्याला घोंगडी पांघरून रोग झाकणे.

आणि आपल्या शेतकऱ्याच्या गाडीला एक जादा दुखणे असते. उसाच्या सरीतला चिखल इंजिनाच्या पात्यांत भरतो आणि तेथेच भाजून वाळतो. पाती वाऱ्याला उघडी नसतील तर इंजिन गार होणार कसे? गार इंजिनावर पाणी मारून, काडीने पाती मोकळी करा. तेलाची पातळी पाहा, कारण तेल इंजिनाला वंगणही देते आणि गारवाही. टॅपेट घट्ट झाले असतील तर व्हॉल्व्ह जळतो. ब्रेक घासत असेल तरी इंजिनावर ओझे पडते.

घरच्यांसाठी चार शब्द

शेतकऱ्याची मोटारसायकल एकट्या तरुणाची नसते. सकाळी तिच्यावर दुधाचे कॅन जातात, मग शाळेचे पोर, दुपारी खताचे पोते आणि सणाला जोतिबाला जाणारी घरची माणसे. साठ अंशांच्या वस्तूला काही सेकंद कातडी चिकटली तरी खोल भाजते, आणि चढण चढून आलेली नळी त्याहून किती तरी तप्त असते. लेकरांची कातडी तर फारच नाजूक. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या अंगाला असतो. म्हणून लेकराला नेहमी डाव्या अंगाने चढवावे-उतरवावे. साडीचा पदर खोचून घ्यावा आणि साडी गार्ड काढू देऊ नये.

भाजलेच, तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट आगीची. मसाई पठारावर किंवा आंब्याच्या सड्यावर उन्हाळ्यात गवत वाळलेले असते; गुऱ्हाळाच्या अंगणात चिपाडाचे ढीग असतात. तेथे तापलेली गाडी उभी करू नका. एका ठिणगीने वर्षाची वैरण जाते.

आणि कायद्याचेही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याच्या मूळ नमुन्यात मन मानेल तसा बदल करता येत नाही. आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडणारी गाडी चालवल्यास कलम १९० खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तीन महिने परवाना हातचा जातो. अनेक शहरांतून पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडले आहेत.

तेव्हा वाचकहो, आंबा घाट अवश्य पाहून या. पावसाळा सरता-सरता, डोंगर हिरवागार असताना जा. उतारावर गाडीचा आवाज ऐका, चढावर पायाला लागणारी झळ पाहा, घरी आल्यावर प्लग काढा. गाडीने तक्रार केली तर पॅकिंग, जेट आणि चिखल या क्रमाने तपासा. आणि नवा सायलेन्सर घेताना जुना धड असेल तर तो भंगारात देऊ नका. आतले पाणी काढून, तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवा. गाडीचा ताप कशानेच उतरला नाही, तर शेवटी तोच कामाला येईल.