अश्रूंचा पहारा

लहानपणीं डोळ्यांत कुसळ गेलें असतां आई म्हणाली, "चोळूं नकोस, पाणी वाहूं दे." मीं ऐकलें नाहीं. बुबुळावर ओरखडा उठला, त्यांत जंतु शिरले आणि डोळ्यांत फूल पडलें. तें आजहि आहे.

पुढें अलेक्झांडर फ्लेमिंग यांचें संशोधन वाचनांत आलें. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत ते लिंबाच्या योगानें सहकाऱ्यांच्या डोळ्यांतून अश्रु काढून तपासीत. अश्रूंतील 'लायसोझाइम' हें द्रव्य कित्येक जंतूंना विरघळवितें, असें त्यांनीं १९२२ सालीं प्रसिद्ध केलें. बलवान रोगजंतु मात्र त्यास सहसा दाद देत नाहींत.

बालमित्रहो, अश्रु हे डोळ्यांचे पहारेकरी खरे. पण तट आपणच फोडला, तर त्यांनीं काय करावें? आईस हें शास्त्र ठाऊक नव्हतें. तिचें सांगणें मात्र शास्त्रशुद्ध होतें.