पिणारं भांडं

घाटंजीच्या बाजारात मडकं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी ते वाजवून पाहतं. एखादा हटकून गोरोबाकाकांचं नाव काढतो: संत गोरा कुंभारांनी थापटण्यानं डोकी वाजवून कोणता संत कच्चा ते पाहिलं, ती गोष्ट. आम्हा कुंभारांना जरा हसू येतं, कारण थापटणं असतं ओल्या मडक्याला आकार द्यायला. भाजलेल्याला बोटाचं पेर पुरे. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठे चीर आहे नाहीतर आव्यात कच्चं राहिलंय. एवढं पाहून गिऱ्हाईक निर्धास्त होतं, ते मात्र मला खटकतं. भांड्यावर वरून काय फासलंय, ते नाद सांगत नाही.

ते पाण्याचा थेंब सांगतो. आमचा आवा साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत तापतो. तेवढ्यात माती पक्की होते, पण तिची काच होत नाही. अंगभर बारीक छिद्रं राहतात. म्हणून भांडं पितं. उघड्या मातीवर टाकलेला थेंब लगेच जिरतो. तो तसाच बसून राहिला, तर वर व्हार्निश, रंग किंवा झिलई आहे असं समजा.

माठातलं पाणी गार होतं, दही घट्ट लागतं ते या पिण्यामुळंच, आणि भांडं जपायच्या रीतीही त्यातूनच आल्या. नवं भांडं रात्रभर पाण्यात बुडवावं, निथळू द्यावं, मग मंद आचेवर त्यात तांदळाची पेज रटरटू द्यावी. पेजेची खळ छिद्रांत बसते, गळती थांबते. ती पेज टाकून द्या. साबण नको, भांडं तोही पितं आणि पुढच्या वरणात परत देतं. राख किंवा बेसन, नारळाची शेंडी आणि गरम पाणी एवढ्यावर भागतं. मग कडक ऊन. ओलं भांडं झाकून ठेवलं की बुरशी धरलीच. दुधाचं वेगळं, मासोळीचं वेगळं, हे आजीच्या काळचं बंधन सोवळ्यातलं वाटतं, पण ते साफ हिशेबाचं आहे.

आमच्याकडची काळी माती पाण्यानं फुगते, वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावरात पडलेल्या भेगा पाहा. नुसत्या तिचं भांडं सुकतानाच तडकेल. म्हणून रेती, राख, लीद मिसळावी लागते, आणि चुलीवरच्या भांड्याचं मिश्रण माठापेक्षा वेगळं ठेवावं लागतं. माठात भाजी करू नका, तो त्या कामाचा नाही. गॅसवर खाली लोखंडी जाळी ठेवा, आच हळूहळू वाढवा. तापल्या भांड्यात गार पाणी ओतू नका, ओट्याच्या गार फरशीवरही टेकवू नका. चुंबळ त्यासाठीच असते.

माठाबद्दल एक. यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते माठानं निघून जाईल या भरवशावर राहू नका. मी माठ विकणारा आहे, तरी सांगतो.

आता चकाकीचं. हल्ली गिऱ्हाइकाला आरशासारखं भांडं लागतं. गेरूची लाली चालते, तो लोखंडाचा गंजच. धुरात कोंडून भाजलेल्या भांड्याचा काळा रंगही काजळीचा, त्याला हरकत नाही. पण कमी आचेत काचेसारखा थर चढवायचा, तर शिसं हा जुना, स्वस्त मार्ग: शिशाचा ऑक्साइड 888 अंशांवर वितळतो, म्हणजे आमच्या आव्याच्या आवाक्यात. मेक्सिकोत अशा झिलईच्या भांड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या रक्तात शिसं उतरवलं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त, आणि शिशाची कोणतीच मात्रा सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. झिलईतलं शिसं खेचून काढतं आंबट. आपल्याकडे तर अंबाडीची भाजी, ताकाची कढी, चिंचेचं सार, टमाटर, सगळं आंबटच आणि उरलं की त्याच भांड्यात रात्रभर!

सगळ्याच झिलईत शिसं नसतं. बिनशिशाची करणारेही आहेत, पण डोळ्यांनी फरक कळत नाही. तेव्हा विकणाऱ्याला विचारा, वर काय लावलंय. उत्तर देता आलं नाही, तर ते भांडं घेऊ नका. आधीच घरात असेल, तर त्यात मोगरा लावा; अंबाडी शिजवू नका.