आरएक्स 100 साठी घरी घडवलेला चेंबर

मोटरसायकलच्या साध्या टू-स्ट्रोक इंजिनाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो. पिस्टन खाली येताना सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट उघडते, जळलेला वायू बाहेर धावतो आणि त्याच्या मागोमाग ताज्या मिश्रणाचा काही भागही निसटतो. निसटलेले मिश्रण पोर्ट बंद होण्याआधी परत आत ढकलण्याचे काम खास आकार दिलेल्या सायलेन्सरमधल्या, म्हणजे चेंबरमधल्या, दाबलहरी करतात. नळी रुंदावत जाते तिथून शोषणारी लहर परतते, निमुळती होते तिथून ढकलणारी. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र पक्के केले. त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये पश्चिमेकडे निघून गेला आणि ते ज्ञान सुझुकीकडे पोचले.

प्रस्तुत लेखकाने घरी घडवलेला चेंबर यामाहा आरएक्स 100 साठीचा, तोही फक्त मातीच्या ट्रॅकवर वापरण्यासाठी. 98 सीसीची ही गाडी भारतात 1985 ते 1996 या काळात तयार झाली. साधे, सिंगल सिलिंडरचे इंजिन असल्यामुळे शिकण्यासाठी याहून चांगली गाडी मिळणे कठीण.

पत्र्याला हात लावण्याआधी मोजमाप करावे लागते. क्रँकच्या टोकाला अंशांची चकती बसवून एक्झॉस्ट पोर्ट किती अंश उघडे राहते ते पाहतात. त्या अंशांना 43,000 ने गुणून, ज्या आरपीएमला ताकद हवी त्याने भागले की पिस्टनपासून चेंबरच्या मागच्या, निमुळत्या शंकूच्या मध्यापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मिळते. पोर्ट 170 अंश उघडे राहत असेल आणि 8,500 आरपीएमला ताकद हवी असेल, तर ही लांबी सुमारे 860 मिमी येते. आकड्यामागचे कारण सरळ आहे: तापलेल्या वायूत लहर सेकंदाला पाचशे मीटरहून थोडी अधिक धावते आणि तिला जाऊन परत यायचे असते. आरपीएम ठरवताना हाव धरू नये. फार वरच्या आरपीएमसाठी आखलेला चेंबर वळणातून बाहेर पडताना गाडी ओढत नाही.

खरी मेहनत शंकूंची. 40 मिमीवरून 80 मिमीपर्यंत रुंदावणारा, 150 मिमी लांबीचा शंकू हवा असेल, तर पुठ्ठ्यावर एकाच केंद्रातून 151 आणि 303 मिमी त्रिज्येचे कंस काढायचे आणि त्यांतला साडेसत्तेचाळीस अंशांचा तुकडा कापायचा. तो पुठ्ठा 1 मिमी जाडीच्या सीआरसी पत्र्यावर आखून पत्रा कातरला जातो. मग लोखंडी पाइपवर लाकडी हातोड्याने हलके ठोके देत पत्रा थोडाथोडा वळवायचा. दोन्ही कडा आधी वळवून घेतल्या नाहीत, तर सांध्याजवळ चपटा पट्टा राहतो आणि तो पुढे कितीही ठोकला तरी पुरता जात नाही. झिंकचा मुलामा असलेला जीआय पत्रा स्वस्त मिळतो, पण वेल्डिंगमध्ये त्याचा धूर विषारी असतो. तो वापरूच नये.

फ्रेमखालून वळण घेण्यासाठी शंकू तिरका कापून एक तुकडा अर्धा फिरवून जोडतात. कापाचा तिरकसपणा जितका, त्याच्या दुप्पट वळण मिळते. आधी गाडीवरच चार-चार ठिकाणी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, मारून किक, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाला जागा उरते का ते पाहावे. टॅक मारण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवणे आणि बॅटरीची वायर सोडणे यात सवलत नाही. पूर्ण वेल्डिंग खाली उतरवून, शक्यतो आर्गॉनवर करावे. लेखकाने हे काम गॅस वेल्डिंगवर केले. पातळ पत्र्याला भोक पडू न देता सांधा ओढण्यात हातोटी येते, पण सावकाश. चेंबर फ्रेमला रबर बुशवर टांगावा. घट्ट बोल्ट केलेला चेंबर थरथरीने सांध्यात चिरतो.

शेवटची बारीक नळी, म्हणजे स्टिंगर, सर्वांत नाजूक बाब. तिचा व्यास इंजिनातून निघणाऱ्या पहिल्या पाइपच्या सुमारे 0.6 पट ठेवतात. त्याहून बराच लहान ठेवला तर उष्णता अडकते आणि पिस्टन जाम होतो. स्टिंगरपुढे भोकांची नळी, तिच्याभोवती ग्लासवूल आणि त्यावर डबा अशी रचना हवीच. ताकद शंकूंमधून येते, आवाजातून नाही. डब्याने चेंबरच्या कामात जाणवण्याजोगी घट होत नाही. उघडा चेंबर लावून आवाज करणारे यंत्राचा काहीच फायदा करत नाहीत आणि शेजाऱ्यांचा छळ मात्र करतात.

चेंबर चढवल्यावर कार्ब्युरेटरचा मेन जेट साधारणपणे वाढवावा लागतो. पूर्ण थ्रॉटलवर पळवून, क्लच दाबून इंजिन लगेच बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा: तपकिरी रंग ठीक, पांढरट दिसला तर जेट आणखी मोठा.

असा चेंबर रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही, आणि आवाजाची मर्यादा ओलांडल्यास कलम 190 खाली दंड होतो. म्हणून मूळ सायलेन्सर भंगारात घालू नये. ट्रॅकवरून परतल्यावर तोच पुन्हा चढवावा.